दोन होड्या, एक शीड

मंडळी, आज चाळीच्या या फळ्यावर सभेची खबर नाही, माझीच आहे.

काळाचौकीच्या माझ्या कारखान्यात मी आणि पांडू कोळ्याने बांधलेली जोडहोडी आज बंदरातल्या शर्यतीत उतरली. दोन अरुंद होड्या, मधे आडव्या तुळया, वर एकच शीड. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलंच, "हे तर द्वैभाषिक राज्य! किती टिकतंय बघू."

शर्यतीतल्या क्लबवाल्या साहेबांच्या होड्या पार मागे पडल्या. तेवढ्यात वारा चढला, तुळया करकरल्या. मी म्हटलं, "पांडू, शीड उतरव रे."

"सायबलोक बगतायत, नि आता उतरवू?"

खरं सांगतो, मलाही ते पटलं.

तुळया मोडल्या. सुटलेली डावी होडी दोरांना लोंबकळत आमच्यावर आदळू लागली, तेव्हा पांडूनेच कोयत्याने दोर तोडले. ती उरणकडे वाहत गेली. उजवीला धरून आम्ही तरंगत राहिलो, मग एका मचव्याने ओढून आणलं.

लोक म्हणतात, अर्धी तरी वाचली! पण ती इतकी अरुंद आहे, की एकटी पाण्यात सोडली तर आडवी होते. तिला जोड बांधायची तर पांडू हवा. तो म्हणतो, "सरपणाला दे."

तुमच्यापैकी कुणाचं ऐकेल का तो?