दोघांपैकी एकाने खाली थांबायचं

अर्ज चार पानांचा होता. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून तो भरत होतो. ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं’ या रकान्यात मी नवऱ्याचं नाव लिहिलं आणि त्याने माझं. बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, गेली एकोणीस वर्षं हा रकाना आम्ही असाच भरत आलोय. त्यात विचार करण्यासारखं काही असतं, हे डोक्यातही आलं नाही.

हिमालयात मोहिमा नेणाऱ्या त्या मंडळींचं ऑफिस ठाण्यात एका मेडिकलच्या दुकानावर आहे. तिथल्या बाईंनी दोघांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलीने दोन्ही रकान्यांभोवती गोल केला.

“मॅडम, तुम्हाला काही झालं तर मी सरांना फोन करायचा, आणि सरांना काही झालं तर तुम्हाला. पण तुम्ही दोघंही वरच असणार ना? खाली राहणारं कोणीतरी द्या.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. नवऱ्याने जरा वेळ विचार करून कोलशेतच्या त्याच्या वहिनीचा, म्हणजे माझ्या मोठ्या जावेचा, नंबर दिला.

मी ठाण्यातल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलांना घाबरवणं हाच माझा धंदा म्हणायचा. चष्मा लाव, केस बांध, बाटलीला नाक लावू नकोस, असं दिवसभर ओरडत असते. सोसायटीच्या जिन्यात पाणी सांडलेलं दिसलं तर आधी पुसून मग घरी जाते. अशा बाईला चव्वेचाळिसाव्या वर्षी सहा हजार मीटरच्या शिखरावर जायची हौस का यावी, याचं उत्तर मला देता येत नाही. नवऱ्याला सह्याद्रीतले किल्ले चढायचं वेड आधीपासूनचं. मी त्याला सोबत म्हणून जायला लागले आणि त्याच्यापेक्षा जास्त अडकले, एवढंच खरं.

सरावासाठी आम्ही जावेच्या इमारतीचे जिने चढायचो. सासरची माणसं मूळची कोलशेतचीच. आधी शेती आणि मिठागरं होती, आता त्याच जमिनीवर बावीस मजले उभे आहेत आणि त्यातल्या सोळाव्यावर माझी जाऊ राहते. आमचं कोपरचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे काय सराव होणार! पाठीवर दहा-दहा किलो तांदूळ घेऊन आम्ही बावीस मजले वर-खाली करायचो. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा, लिफ्ट बंद आहे का? पहिल्या आठवड्यात आम्ही नीट समजावून सांगितलं. नंतर नुसतं हो म्हणायला लागलो.

मुलगी तेव्हा आठवीत होती, तेराची. अर्जाचा किस्सा नवऱ्याने रात्री जेवताना तिला विनोद म्हणून सांगितला. तिने भाकरी तशीच ठेवली.

“म्हणजे मी काकीकडे राहणार?”

“अगं, अठरा दिवस तर आहेत,” तो म्हणाला.

“अठरा दिवसांचं नाही विचारत. नंतरचं विचारतेय. तुम्ही दोघंही नाही आलात तर.”

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मी घाईघाईने म्हणाले, “असं होणारच नाही. आम्ही दोघं एकदम वर जाणारच नाही. शेवटच्या कॅम्पपर्यंत दोघं. तिथून पुढे एकच जण. दुसरं तिथे थांबणार.”

“कोण थांबणार?”

“ते तिथे ठरवू. ज्याला जास्त दम लागेल तो.”

तिने बाबाकडे बघितलं. तो म्हणाला, “हो, एक थांबणार. नक्की.” मग ती जेवली.

आम्ही खोटं बोलत नव्हतो, हे मला आजही सांगावंसं वाटतं. काठमांडूला उतरलो तेव्हा, चालत चालत वर गेलो तेव्हा, बेस कॅम्पला आमच्या लीडरने दोराच्या गाठी शिकवल्या तेव्हाही, एक जण थांबणार हे दोघांच्याही मनात पक्कं होतं. गडबड एवढीच होती, की थांबणारा दुसरा असणार असं प्रत्येकाला वाटत होतं.

शेवटच्या कॅम्पवर दुपारी पोचलो. दगडांच्या उतारावर सहा तंबू, आणि वर मान करून बघितलं की पांढरी भिंत. लीडर प्रत्येक तंबूत डोकं घालून विचारून गेला, डोकं दुखतंय का, उलटी, चक्कर? आमच्याकडे आला तेव्हा आम्ही दोघंही अगदी ठणठणीत असल्याचं सांगितलं. मला खरं तर तो आजारी पडायला हवा होता. थोडासाच. नवऱ्याबद्दल असं मनात आलं याची लाज वाटते, पण आलं.

अवघड काही बोलायचं असलं की तो आधी खाकरतो. त्या संध्याकाळी तो दोनदा खाकरला. पहिल्यांदा मी श्वास रोखून धरला, तर त्याने पाणी मागितलं. दुसऱ्यांदा म्हणाला, मोजे कोरडे आहेत ना तुझे? मग मी म्हणाले, “माझं डोकं जरा जड झालंय रे.” म्हटलं, बघू, थांब म्हणतो का. म्हणाला असता तर मी भांडले असते, तेही मला माहीत होतं. त्याने पिशवी चाचपली आणि म्हणाला, “गोळी घे.”

मी गोळी घेतली. डोकं दुखत नव्हतं.

दोन वाजता निघायचं होतं. दीडला दोघंही उठून बसलो, कंबरेला पट्टे आवळले, बुटांना लोखंडी काटे बांधले. एकमेकांकडे बघितलं नाही. एका दोरावर चौघं. पुढे शेर्पा, मग मी, माझ्यामागे नवरा, त्याच्यामागे पुण्याचा एक अबोल इंजिनियर. नवऱ्याचा आणि माझा दोर एकच आहे हे मला गाठ तपासताना कळलं. तेव्हाही बोलता आलं असतं.

अंधार होता तोवर बरं होतं. डोक्यावरच्या दिव्याचा गोल आणि त्यात शेर्पाची पावलं, तेवढंच जग. उजाडलं आणि उजव्या हाताला खालपर्यंत सगळं दिसलं. खालपर्यंत म्हणजे कुठपर्यंत ते कळत नव्हतं, उतार वळून दिसेनासा व्हायचा. आम्ही एका अरुंद वाटेने डोंगर आडवा ओलांडत होतो, जेमतेम दोन बुटांची वाट. मी मनात पावलं मोजायला लागले आणि वीसच्या पुढे जाईचना, पुन्हा एकपासून.

तेवढ्यात डाव्या बुटाचा काटा उजव्या पायाच्या पँटमध्ये अडकला.

मी पडले म्हणजे बसले, आणि बसले म्हणून सरकले. तीन-चार हात असेन फारतर. ओरडलेही नाही. कंबरेला जोरात हिसका बसला आणि थांबले. वर बघितलं तर शेर्पा पाय रोवून मागे रेललेला, आणि नवरा चढाईची छोटी कुऱ्हाड बर्फात रोवून तिच्यावर पालथा पडलेला. त्याचा चेहरा माझ्याकडे होता. एकोणीस वर्षांत तो चेहरा मी बघितला नव्हता. माझ्या हिसक्याने तोही ओढला गेला होता. त्याची कुऱ्हाड लागली नसती तर त्या दोराने आम्हा दोघांना एकत्र नेलं असतं, आणि शेर्पाला, बिचाऱ्या त्या इंजिनियरलाही. त्या वेळी कोलशेतला सोळाव्या मजल्यावर आमची मुलगी झोपलेली असणार, हे मला स्वच्छ दिसलं. तिचं पांघरूणसुद्धा दिसलं.

शेर्पाने मला वर घेतलं, पँटचा फाटका कपडा चिकटपट्टीने गुंडाळला आणि विचारलं, “दीदी, नीचे जाना है? मैं लेके जाएगा. कोई बात नहीं.”

याहून सोपं काय असणार! हो म्हणायचं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता आणि खाकरत नव्हता. शिखर तासाभरावर होतं. मी बुटाचा काटा पुन्हा एकदा आवळला आणि म्हणाले, “ऊपर.”

मीच म्हणाले. मुलीला शब्दही मीच दिला होता.

वर काय वाटलं असं लोक विचारतात. भीती वाटली. आता हे सगळं उतरायचंय, एवढंच डोक्यात होतं. कोणीतरी आमचा फोटो काढला, त्यात आम्ही हसतोय. लीडरने खिशातून उपग्रहावरून निरोप पाठवायचं छोटं यंत्र काढलं आणि अंगठ्याने काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, ऑफिसला कळवत असेल.

उतरण्याबद्दल फार लिहिता येणार नाही. भिंतीकडे तोंड करून, दोर हातातून सोडत सोडत, उलट्या पावलांनी जायचं. प्रत्येक वेळी पाय टेकायच्या आधी मला खात्री असायची की खाली काही नाही. अपघात उतरतानाच होतात असं लीडर पहिल्या दिवसापासून सांगत होता, आणि ते वाक्य त्याच्याच आवाजात कानात वाजत राहिलं. मी रडत होते. गॉगलच्या आत रडलं की काच धुरकटते, म्हणून तेही बंद केलं. खाली तंबू दिसले तेव्हा नवऱ्याने माझा खांदा दाबला. मी त्याचा हात झटकून टाकला. का ते त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं गाव आलं. तिथल्या चहाच्या दुकानात फोन लागायचा. फोन लावायच्या आधी आम्ही बाहेर ओट्यावर बसलो.

“तिला काय सांगायचं?” मी म्हटलं.

“सांग, तू थांबलीस.”

“मी का? तू थांबलास म्हण.”

“अरे यार, मी चढलो हे माझ्या ऑफिसात सगळ्यांना कळणार आहे.”

“आणि माझ्या कॉलेजात नाही कळणार?”

आम्ही यावर पाच-सात मिनिटं भांडलो. थांबलं तर कोणी नव्हतंच, तरी खोट्यातसुद्धा थांबायला कोणी तयार होईना. शेवटी मीच फोन हातात घेतला.

“पिल्लू, उतरलो आम्ही. बाबा वर जाऊन आला. मी कॅम्पवर थांबले होते.”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

“बरं केलंस आई,” ती म्हणाली. मग म्हणाली, “जेवलात का? हळू या. बाबाला पण सांग, हळू या.”

मी नवऱ्याला म्हणाले, सुटलो. तो चहा घेत होता, नुसती मान हलवली.

विमानतळावरून थेट कोलशेतला गेलो. जावेने दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मला जवळ घेतलं आणि मग स्वयंपाकघरात नेऊन आवाज खाली आणला.

“तुमच्या त्या ठाण्याच्या ऑफिसचा मेसेज मना आयलेला ना त्या दिवशी. सगळी माणसं वर पोचली, नावांनिशी. पोरीनं वाचला. ती शालंत नाय गेली. माझा मोबाईल हातान घेऊन बसलेली, जेवली पण नाय. सगळे खाली आयले, हा मेसेज रातच्याला आयला, तवा कुठं उठली.”

मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. म्हणजे मी दोरावर उलट्या पावलांनी उतरत होते तो सगळा वेळ ती इथे बसली होती. दोघंही वर आहेत, आणि अजून उतरायचे आहेत, हे माहीत असून. आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन आला तेव्हा मी काय बोलले तेही तिने ऐकून घेतलं.

ती आतल्या खोलीत तिची बॅग भरत होती. मी दारात थांबले. त्या बर्फावर वाटली नव्हती इतकी भीती मला त्या दारात वाटली.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

तिने मान हलवली.

“मग फोनवर बोलली का नाहीस? ओरडायचंस माझ्यावर.”

तिने ड्रेसची घडी घातली, बॅगेत ठेवली, तळहाताने दाबली. माझ्याकडे न बघता म्हणाली,

“तुम्ही कुठे घरी पोचलेलात? अजून दोन दिवस चालायचं होतं, मग ते छोटं विमान. तुझं लक्ष नसतं राहिलं वाटेवर.”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. “आता आलोय ना. आता ओरड.”

“आता नको,” ती म्हणाली, आणि माझ्या हातात तिचे मोजे दिले, जोड्या लावायला.