चाचांच्या पोटातला कॅमेरा

परळीत असा एकही पंखा नसेल, ज्याने आमच्या खालच्या दुकानातल्या चाचांपुढे आपलं दुखणं कबूल केलं नाही. औष्णिक केंद्राची राख घराघरांत येते, बेअरिंगमध्ये जाऊन बसते, आणि उन्हाळा लागला की अर्धं गाव पंखे काखोटीला मारून चाचांकडे येतं. मी वरच्या मजल्यावर राहणारा शाळामास्तर. तीस वर्षं हा दवाखाना खिडकीतून बघत आलोय. चाचांचा नियम एकच, पण कडक: गिऱ्हाइकाने बिघाड सांगायचा नाही. कुणी "चाचा, आवाज येतोय" म्हणून सुरुवात केली की ते हात वर करायचे. "तुमी बोलू नका. तुमी बोललात की माझं ध्यान तिकडंच जातंय, अन् खरी खराबी ऱ्हाते बाजूला." एका साहेबांनी मिक्सर आणला आणि त्याचा सगळा इतिहास सांगितला, तर चाचांनी तो न उघडताच परत दिला. "तुमाला समदं ठावं हाय, तर दुरुस्तीबी तुमीच करा."

हाच नियम त्यांनी स्वतःच्या पोटालाही लावला आणि तिथे आमचा घात झाला. वर्षभर चाचा वाळत चालले होते. रक्त कमी झालेलं. दुपारी जेवले की थोड्याच वेळात अशी कळ यायची, की ते बाकाच्या कडेवर पोट दाबून ओणवे व्हायचे. कुणी आलंच तर मोटरचा आवाज ऐकतोय असं दाखवायचे. मोटर बंद असायची. शेवटी मीच त्यांना संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वरून झालं, खालून झालं, दुर्बिणीला काही सापडेना. मग डॉक्टर म्हणाले, गिळायचा कॅमेरा देऊ. मोठ्या गोळीएवढा असतो, फोटो काढत पुढे सरकतो आणि शौचावाटे निघून जातो. फक्त आतडं कुठे अरुंद असेल तर अडकतो. म्हणून नीट सांगा, जेवल्यावर कळ येते? उलटी होते?

"न्हाई साहेब," चाचा म्हणाले आणि टेबलाखाली त्यांनी माझा गुडघा दाबला. मला हसू आलं. म्हटलं, म्हाताऱ्याची खोड. मी गप्प बसलो. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपण सांगितलं तर तो तेवढंच बघंल. न सांगता हुडकलं तर मिस्त्री खरा."

कॅमेरा गिळला त्या दिवशी काय खुलले होते! कमरेला यंत्राचा पट्टा बांधून येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला सांगत होते, "आत लाईट चालू हाय." मिस्त्री खराही निघाला. फोटोंत सगळं आलं: लहान आतड्याला सूज, जखमा, आणि पुढे जेमतेम उरलेली वाट. त्या वाटेच्या तोंडाशी कॅमेरा जाऊन बसला तो बसलाच. पंधरा दिवसांनी एक्स-रे, महिन्याने एक्स-रे. जागचा हलायला तयार नाही. सूज उतरायच्या गोळ्यांनी चाचांचा चेहरा तेवढा सुजला. "बॅटरी कवाच संपली," ते म्हणाले, "आता निस्ता डबा पडून हाय." कळ लपवली म्हणून डॉक्टरांनी झापलं, तेव्हा मात्र माझ्याकडे न बघता ते बोलले, "सरांना कायबी माहीत नव्हतं." मला डॉक्टरांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही आणि ऑपरेशन झेपेल एवढं अंगात रक्त नाही. ताकद यावी म्हणून घरी पाठवलंय. ताकद यायला खावं लागतं, आणि खाल्लं की कळ येते. दुकान बंद आहे. संध्याकाळी मी खाली दुकानामागच्या त्यांच्या घरी जाऊन बसतो, तर बोलता बोलता चाचांचा डोळा लागतो. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, कॅमेरा निघेल, अरुंद भागही कापू, पण हा आजार जन्मभराचा. पुन्हा दुसरीकडे डोकं वर काढू शकतो. चाचांच्या घरात मी हे अजून सांगितलेलं नाही. काल चाची जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, ते निघालं की हे पयल्यासारखी भाकर खातील ना?"

मी हो म्हणालो. चाची आत गेल्या आणि सुपात ज्वारी घेऊन निवडायला बसल्या.