हंबीरमेस्त्रींचा ब्रेक

बंगलोरच्या चामराजपेटेतले बाकीचे मेस्त्री गाड्या पळवायच्या धंद्यात होते, हंबीरराव थांबवायच्या. ब्रेक आणि मागचा ॲक्सल, एवढंच काम घ्यायचे. इंजिनाबद्दल कुणी विचारलं तर "ते पळेल त्याचं ते" म्हणून तोंड फिरवायचे. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे 'सरी' आणि 'स्वल्प' हे कानडी शब्द त्यांच्या मराठीत घरजावयासारखे राहायचे. स्वभाव इतका सावध की ताटातला भातसुद्धा फुंकर घालून, बाजूने दाबून, मगच तोंडात.

त्यांच्या गॅरेजची एक रीत होती, वडिलांपासूनची. ब्रेकचं काम झालं की समोरच्या गल्लीच्या टोकाला, भिंतीपाशी, मेस्त्रीच्या घरचं माणूस उभं राहायचं. मेस्त्रीने स्वतः गाडी त्या दिशेने सोडायची आणि चुन्याच्या रेघेवर थांबवायची. परक्याच्या जिवावर ब्रेक तपासायचा नाही, असं वडिलांचं म्हणणं. तेवीस वर्षं त्यांची बायको सकवारबाई तिथे उभी राहत होती. हातात सूप, नजर तांदळावर. गाडी थांबली की मान वर न करताच विचारायची, "झालं?" तिच्या त्या 'झालं?'वर गिऱ्हाइकांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी कुठल्या सरकारी शिक्क्यावर नव्हती.

शहाण्णव साली बनशंकरीतल्या शंतनुने आपली पिकप त्यांच्याकडे आणली. शंतनु पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. गाडी अमेरिकन, चोपन्न सालची, मालकापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. तिच्या ब्रेकवर पाय दिला की ती आधी विचार करायची आणि मग जमलं तर थांबायची. शंतनुला ऑफिसातली मंडळी मागे बसवून दसऱ्याच्या सुट्टीत नंदीच्या डोंगरावर जायचं होतं. हंबीररावांनी डोंगराचं नाव ऐकलं आणि दोन महिने मागून घेतले.

मोडीत निघालेल्या एका मोठ्या ट्रकचा ॲक्सल आणून त्यांनी मागे बसवला. रुंद ड्रम, नवे ब्रेकशू, नव्या नळ्या. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी रिकामीच गल्लीत सोडली आणि ती रेघेवर अशी थांबली की शंतनुने टाळ्या वाजवल्या. सकवारबाईने "झालं?" विचारलं. हंबीरराव "झालं" म्हणाले खरे, पण गाडीतून लगेच उतरले नाहीत. काय खटकतंय ते त्यांनाच कळत नव्हतं. परत दोनदा पेडल दाबून बघितलं. पेडल दगडासारखं घट्ट.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. पाने, जॅक, हातोड्या धुऊन पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातले. पूजा झाली की उद्या सकाळपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही. आजोबांपासून कुणी लावला नव्हता. पिकपला केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला, चाकाखालची लिंबं चिरडली. शंतनुची बायको आसावरी लहानग्या निधीला घेऊन पुढे बसली आणि ऑफिसातले सातजण फोटोसाठी एकदम मागे चढले.

गाडी मागून खाली बसली. तेवढ्यात तळातून एक बारीकसा आवाज आला. कर्र. चपलेखाली वाळू यावी इतकाच. हसण्याखिदळण्यात कुणालाच ऐकू आला नाही. हंबीररावांच्या हातातला प्रसादाचा पेढा तसाच राहिला.

त्यांनी वाकून बघितलं, खाली अंधार. पेडल दाबलं; घट्टच. आता जॅक लावल्याशिवाय काही दिसणार नव्हतं, आणि जॅक झेंडूची माळ घालून पाटावर बसलेला. वरून शंतनु हौसेने म्हणाला, "अण्णा, कालची ती टेस्ट परत दाखवा ना. आमच्या लोकांनी पाहिलीच नाही." मंडळींनी एकच गिल्ला केला. सकवारबाईने आरतीचं तबक खाली ठेवलं, सवयीने सूप उचललं आणि भिंतीकडे निघाली.

हंबीरराव गाडीत बसले. गाडी सुरू झाली. समोर सकवारबाई तांदूळ निवडत उभी. त्यांनी गियरला हात घातला आणि काढून घेतला. परत घातला. मग इंजिन बंद करून खाली उतरले.

"आज नको उभी राहूस," ते हळूच म्हणाले.

सकवारबाईने तेवीस वर्षांत पहिल्यांदा तांदळावरून नजर उचलली. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग गाडीतल्या निधीकडे.

"मग यांना कसं सोडताय, अहो?"

हंबीरराव चालत आत गेले, पाटासमोर क्षणभर हात जोडले आणि जॅकच्या गळ्यातली माळ काढली. शेजारचे रद्दीवाले उमाजीअण्णा दारातून "अरे, अरे" करत राहिले.

ते गाडीखाली गेले तेव्हा सगळे फुटपाथवर उतरून उभे होते. ब्रेकचं तेल मागच्या चाकांपर्यंत नेणारा रबरी पाइप त्यांनी जुन्याच वाटेने नेला होता. ॲक्सल मात्र जुन्यापेक्षा जाड. गाडी रिकामी असली तर दोघांत बोटभर जागा; माणसं बसली की ॲक्सल वर येऊन पाइपला चेसिसवर चेपत होता. रबराची साल निघाली होती आणि आतले धागे दिसत होते. रिकाम्या गाडीने, बायकोला समोर उभी करून, त्यांनी काल जे तपासलं ते सगळं खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं.

शंतनुने मंडळींना बसने घरी पाठवलं. आसावरीने जाताना निधीला कडेवरून खाली सोडलं नाही. शंतनु स्वतः मात्र परत येऊन गॅरेजच्या पायरीवर बसला. हंबीरराव कुंकू लागलेल्या पान्याने पाइप सोडवत होते. सकवारबाई दोघांना कॉफी देऊन तिथेच उभी राहिली.

कॉफी संपवून शंतनुने विचारलं, "अण्णा, हा पाइप डोंगरावर पोचेपर्यंत टिकला असता?"

हंबीररावांनी पाइप उजेडात धरून उलटसुलट केला.

"वर जाईपर्यंत?" ते म्हणाले. "वर जाईपर्यंत टिकला असता."