फ्रिज कुठे ठेवावा

अंबरनाथला कंपनीच्या चाळीत, आमच्या ओळीतला पहिला फ्रिज माझा. तो स्वयंपाकघरात ठेवून कुणाला दिसला असता? मी तो बाहेरच्या खोलीत, बरोबर दारासमोर उभा केला, डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि दिवसभर दार सताड उघडं टाकून बसले. उकाड्यात शेजारणी पातेली घेऊन बर्फ मागायला यायच्या. मी अशा थाटात बर्फ द्यायचे, जसं काही हिमालय माझ्या माहेरचा. "आपण मध्यमवर्गीय माणसं," हे भाजीवालीलासुद्धा ऐकवायचे. ती म्हणायची, "बरं बाई, मेथी घेणार का?"

त्याच बर्फावरून भांडत माझी दोन्ही मुलं मोठी झाली. लेक आता चिखलोलीच्या टॉवरमध्ये राहते. ती आणि जावई, दोघंही कॉम्प्युटरवाले. मुलगा बदलापूरला भाड्याच्या एका खोलीत, माझ्यासकट. ज्या कंपनीत त्याचे बाबा कायम होते, तिथेच हा कंत्राटावर, मधूनमधून ब्रेक. एक उडी मारून वर गेली, दुसरा घसरला. मी मिरवायचे ती मधली पायरी कुणाच्याच वाट्याला आली नाही.

लेकीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मला फ्रिजच सापडेना. सगळी कपाटाची दारं, एकाच रंगाची. पाण्यासाठी एक उघडलं तर अंगावर झाडू पडला. मुलाकडचा फ्रिज वेगळा, पण तोही दारासमोरच आहे, कारण आतली खोलीच नाही.

दिवाळीत मुलगा तांदळाची गोण खांद्यावर घेऊन ताईकडे गेला, तर वॉचमनने त्याला मागच्या लिफ्टला पिटाळलं. सामानाची, कामवाल्यांची आणि कुत्र्यांची ती लिफ्ट. तेव्हापासून ताईने कधीही बोलावलं की ह्याची ड्युटी.

बुद्धपौर्णिमेला लेकीने खिरीला बोलावलं. मला दोघं एका पंगतीला हवी होती, बाकी काही नको होतं. मी गुडघा धरून बसले.

"एकटी कशी जाऊ? आणि हा फणस कोण उचलणार?"

"फणस कशाला?"

"ताईला आवडतो."

ताईला फणसाचा वाससुद्धा सहन होत नाही, हे त्यालाही ठाऊक. पण उचलला.

गेटवर वॉचमन म्हणाला, "अम्मा, आप इधर से जाओ. सामान पीछे से." मुलाची मान ताठ झाली. लहानपणी बर्फ मिळाला नाही की अशीच व्हायची. आता हा फणस ठेवून माघारी फिरणार.

"मीपण सामानच," मी म्हटलं. "चल मागून."

मागची लिफ्ट ऐसपैस निघाली, बसायला स्टूलसुद्धा. आत पिशवी घेतलेली एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"वहिनी, तुमचा फ्रिज आहे का अजून?"

पातेलं घेऊन सगळ्यांत आधी येणारी आमची शेजारीण. तिचे यजमानही कंपनीत कायम होते. आता ती वरच्या मजल्यावर पोळ्या करते.

"तो गेला. दुसरा आहे, पण दारासमोरच."

"तुझी आई ना," ती मुलाला म्हणाली, "एवढासा बर्फ द्यायची आणि तासभर तुझ्या बाबांच्या बोनसचं ऐकवायची."

मुलगा इतका हसला की फणस सुटता सुटता राहिला.

लेकीने मागचं दार उघडलं. "आई, इकडून कशी? आणि काकू, तुम्ही इथे?"

"वर्ष झालं की."

वर्षभर ही पुढच्या लिफ्टने, ती मागच्या. भेटणार कुठे? लेकीने काकूला हाताला धरून आत ओढलं.

मुलगा घामाघूम. त्याने पाण्यासाठी दार उघडलं, झाडू पडला.

"ताई, फ्रिज लपवून ठेवलास? आईचं नाक कापलंस."

लेकीने हसत फ्रिज उघडला आणि बर्फाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो तोंडात टाकला.

"मलापण दे गं," काकू म्हणाली. "तुझ्या आईने कधी न बोलता दिला नाही."

निघताना लेक म्हणाली, "रविवारी ये. पुढून सोडायला सांगते वॉचमनला."

"येतो. पण मागूनच. तिथे ओळखीची माणसं भेटतात."

लेकीने फणस पुन्हा दाराशी सरकवला. "बरं. मीपण मागूनच घ्यायला खाली येते. आई, गुडघा दुखायचा थांबला ना? मग हा फणस परत तूच उचल."