जरा उजेडात पाहून घ्या

कापडाच्या दुकानात दिवसभर कात्रणं पडतात. काउंटरखाली सरकवत राहायचं, महिन्याभरात पोतं भरतं. किस्स्यांचंही तसंच आहे. पुसदच्या एका मॅचिंग सेंटरात बावीस वर्षं काढल्यावर माझ्याकडे अशी चार-पाच पोती साचली आहेत. मित्र जमले की मूठभर काढायचे, हसवायचं आणि परत तोंड बांधून ठेवायचं.

एक पोतं मात्र मी कधी सोडलं नव्हतं. दुकानातल्या जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्या, त्या दिवसांचं. लाज वाटते, म्हणून. आज सोडतो. हसायला हरकत नाही!

*

आधी दुकान सांगतो. ब्लाउजपीस, परकर, अस्तर, फॉल. बाई साडी घेऊन येते, आम्ही त्या रंगाचं कापड काढून देतो. मालक दिनेशभाऊ गल्ल्यावर, विक्रीला मी आणि मंगलाताई. वर अठरा ट्यूबा, जुन्या, चोकवाल्या. त्यातल्या पाच-सहा रोज सकाळी नाटक करायच्या. आधी लुकलुक, मग गुरगुर. दिनेशभाऊ कापड मोजायची पट्टी घेऊन स्टुलावर चढायचे आणि ट्यूबच्या बुडाशी एक टपली हाणायचे. की लागली!

एकदा एका काकूंनी विचारलं, "काहून हो भाऊ, मारल्याशिवाय लागत नाई का हे?"

दिनेशभाऊंनी माझ्याकडे आणि मंगलाताईंकडे पाहिलं. म्हणाले, "काकू, या दुकानात सगळेच तसे हाय!"

*

त्या उजेडावर कुणाचाच भरवसा नव्हता. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही एकच वाक्य म्हणायचो, "ताई, जरा बाहेर उजेडात पाहून घ्या." बाई साडी आणि पीस घेऊन रस्ता ओलांडायची. समोर शंकररावांची चहाची टपरी, तिथे ऊन चांगलं यायचं. आता टपरीवाला समोर उभाच आहे म्हटल्यावर बाई विचारणारच, "पाहा बरं भाऊ, जुळते का?"

शंकरराव चष्मा वर करून म्हणायचे, "जुळते!"

वर्षानुवर्षं. कोणतीही साडी, कोणताही पीस, "जुळते!" एकदा मी विचारलं, "शंकरराव, कधी एखादा जुळत नसेल की!"

"अबे, नाई जुळत म्हणलं तं बाई परत तुह्याकडं पळते. जुळते म्हणलं तं खूश होऊन इथंच बसते, चहा पिते!"

*

शंकररावांना मी हसायचो, पण माझं काय होतं ते ऐका.

मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. डाळिंबी आणि शेवाळी मला सख्खे भाऊ. गुलाबी आणि राखाडी म्हणजे जुळीच! विसाव्या वर्षी ड्रायव्हरच्या भरतीला गेलो होतो. डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, आकडा कोणता दिसतो? मी म्हणालो, "कोणता आकडा?" डॉक्टरनं पुस्तक मिटलं.

रंग कळत नाही म्हणून तिथून हाकलला गेलेला माणूस पुढच्याच महिन्यात कुठे चिकटला? मॅचिंग सेंटरात!

आणि नुसता चिकटला नाही, नावारूपाला आला! युक्ती सोपी होती. बायका रंगाचं नाव स्वतःच सांगतात. "भाऊ, आमसुली दाखवा." आमसुली कुठे, तर डावीकडून तिसरी रॅक, वरून दुसरा कप्पा. सगळं दुकान मला असं पाठ होतं. त्यातून चार पीस काढायचे, साडीवर एकेक टाकायचा आणि कापडाकडे अजिबात बघायचं नाही. बाईच्या चेहऱ्याकडे बघायचं. कपाळावर आठी आली की पीस मागे. डोळे जरा मोठे झाले की म्हणायचं, "हाच, ताई. डोळे मिटून न्या!"

दिग्रस, उमरखेडहून बायका यायच्या. म्हणायच्या, "सुधाकरभाऊच्या डोळ्यात मीटर हाय!" हे ऐकायची मला चटक लागली होती. हे खरं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या चटकेमुळेच झालं.

*

घरी फक्त बायकोला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तिच्यासाठी हिरवी साडी नेली. तिनं घडी मोडली, नेसली, दिवसभर मिरवली. रात्री जेवताना शांतपणे म्हणाली, "साडी मले बम्म आवडली. पण हे विटकरी हाय. तुमाले दिसत नाई ना?"

एका साडीत पकडलं तिनं मला. दुकानात बावीस वर्षं कुणी पकडलं नाही!

*

आता आमचा वायरमन. किसन राठोड. गावाबाहेरच्या तांड्यावर राहणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मोटरसायकलला शिडी बांधून फिरायचा. त्याला एक सवय होती. जिथे काम करेल तिथल्या बोर्डावर प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवायचा आणि पेननं नाव लिहायचा. आमच्या बोर्डावर होतं: पंखा १, पंखा २, काउंटर, शटर, गणपती. शेवटच्या एका बटणाचा कुणालाच पत्ता लागेना. त्यानं अर्धा तास वायर शोधली, मग पट्टीवर लिहून टाकलं, "कायचं माहीत नाई".

दिनेशभाऊ म्हणाले, "मंग लिवलं कायले?"

"कोणी आलं तं त्याले कळलं पायजे ना भाऊ, का हे कोणाले माहीत नाई म्हणून!"

*

मंगळवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी किसननं ट्यूबा बदलल्या. शिडी लावायची म्हणून सगळ्या रॅका रिकाम्या केल्या. जुन्या ट्यूबा, चोक, स्टार्टर सगळं काढून माळ्यावर टाकलं आणि नव्या दिव्यांना नवी वायर ओढली. मी खाली उभा राहून वायरी देत होतो.

"सुधाकरभाऊ, हिरवी द्या."

मी दिली.

"हिरवी म्हणलो, भाऊ."

मी दुसरी दिली. तो शिडीवरून उतरला, स्वतः वायर उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत वर चढला. त्यानंतर त्यानं माझ्याकडे एकही वायर मागितली नाही.

संध्याकाळी बटण दाबलं आणि अठराही ट्यूबा एकदम लागल्या! टपली नाही, गुरगुर नाही. दिनेशभाऊ लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. मंगलाताईंना इतका हुरूप आला की त्यांनी सगळा माल परत लावला, पण आपल्या मनानं. फिक्यापासून गडदापर्यंत ओळीनं! "असा उजेड आला, तं मी जरा नीटच लावलं," म्हणाल्या.

सगळे म्हणाले, काय सुंदर दिसून राह्यलं! मीही म्हणालो. माझं पाठ केलेलं दुकान मात्र एका दिवसात पुसलं गेलं होतं.

*

दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी दादा बायकोची चिठ्ठी घेऊन आले. "डाळिंबी पीस." बसची घाई, चेहरा पाहावा तर त्यांनाही काही कळत नव्हतं. "तुमी द्यान ते बरोबरच असन," म्हणाले. हात सवयीनं चौथ्या रॅकेत गेला.

दोन दिवसांनी त्यांची बायको आली. हातात पीस, मागे दादा. भरल्या दुकानात तिनं पीस फडकवला, "ह्याले डाळिंबी म्हणता? आमच्या विहिरीत अस्सं शेवाळ येते!"

दादा मागून म्हणाले, "म्या तं फक्त चिठ्ठी देल्ली."

सगळं दुकान हसलं आणि माझ्याकडे बघायला लागलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, काय करणार! हे नवे दिवे. एलईडीत रंग फिरतो."

कुणी शंका घेतली असती तर बरं झालं असतं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या! एक बाई तर म्हणाली, "बरोबर हाय, माह्याही घरी तसंच होते."

*

मग काय, चुकलो की दिवे! मोरपंखी चुकला, दिवे. अबोली चुकला, दिवे. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या कुलकर्णी मॅडम, त्यांनी फोनवर राखाडी परकर सांगितला. मी पाठवला. तासाभरात मॅडम स्वतः आल्या.

"सुधाकरराव, सत्तरीच्या बाईला गुलाबी परकर? माझ्याबद्दल तुमच्या काही वेगळ्या कल्पना आहेत का?"

दुकान खो खो हसलं. मी वर बोट दाखवलं, "मॅडम, दिवे..."

मॅडमनी वर पाहिलं. त्यांच्या भावाचं मंगल कार्यालय उभं राहत होतं आणि वायरिंगचं काम किसनला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. दिनेशभाऊंनीच नाव सुचवलं होतं. मॅडम सहज म्हणाल्या, "हेच दिवे लावणारा माणूस ना? मग भावाला सांगायला हवं. कार्यालयात नवरी निळी दिसायची!"

तेव्हा बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. मी परकराची घडी घातली. मोडली. परत घातली.

*

दिनेशभाऊंनी किसनला बोलावून घेतलं. गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "काय माल लावला बे तू? माह्या इतक्या जुन्या माणसाचे रंग चुकून राह्यले!"

किसननं ट्यूबांकडे पाहिलं. नव्यानं लावलेल्या रॅकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा वायरची गोष्ट काढतो.

तो म्हणाला, "असन माही चूक, भाऊ. अर्ध्या काढून जुन्या लावून देतो. पाहून घ्या."

दुकानाच्या एका बाजूला जुन्या नऊ, दुसऱ्या बाजूला नव्या नऊ. अर्धं दुकान लख्ख, अर्धं आजारी. बायका दोन्हीकडे पीस धरून पाहायच्या, सारखाच दिसायचा. आणि मी? जुन्या ट्यूबांखालीही चुकलो! मंगलाताई म्हणाल्या, "भाऊ, इथं तं जुनेच दिवे हाय की!"

"तिकडची झाक येते इकडं," मी म्हणालो.

झाक! स्वतःचा आवाज ऐकून मला स्वतःचीच किळस आली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "मले कायले सांगता? त्याले सांगा."

मी सांगितलं नाही. मंगल कार्यालयाचं काम दुसऱ्याला गेलं. किसन त्यानंतर रस्त्यात भेटला, तरी "राम राम, सुधाकरभाऊ" म्हणायचा. मी शंकररावांच्या टपरीत शिरायचो.

*

शेवटी दिनेशभाऊंनीच कंटाळून ठरवलं, चूक दिव्यांची दिसत नाही, सगळ्या एलईडी परत लावा. पुढच्या मंगळवारी किसन येणार होता. मी ताप आल्याचं सांगून घरी राहिलो. त्याच्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती.

बुधवारी सकाळी दुकानात आलो तर किसन शिडीवर होता, शेवटच्या ट्यूबचं टोपण बसवत. मी खाली मान घालून काउंटरच्या आत गेलो. रॅकेत हात घातला आणि थांबलो.

प्रत्येक कप्प्याच्या आतल्या कडेला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही पण विकणाऱ्याला दिसेल अशी, पांढऱ्या टेपची पट्टी होती. पेननं लिहिलेली. डाळिंबी. शेवाळी. आमसुली. मेंदी. गुलाबी. राखाडी. एक नाही, दोन नाही, सगळ्या दुकानाला. अगदी शेवटच्या खालच्या कप्प्यात एक पट्टी होती, "कायचा माहीत नाई. मंगलाताईले विचारजा."

मंगलाताई गल्ल्याशी दिनेशभाऊंना सांगत होत्या, "काल दिवसभर यानं माह्या डोक्याचा भुगा केला! ताई, हा कोणता, ताई, तो कोणता. म्या म्हणलं, तू वायरमन, तुले रंगाचं काय करा लागते?"

दिनेशभाऊ हसले. वर बघून म्हणाले, "कायले लिवलं बे, किसन? आमच्या सुधाकरच्या डोळ्यात तं मीटर हाय!"

किसन शिडीवरून उतरला. पेन खिशाला लावला, टेपचा रीळ पिशवीत टाकला.

"ते हायच, भाऊ," तो म्हणाला. "पण माह्या कामापायी रॅका रिकाम्या झाल्या होत्या ना. म्हणून नावं लिवून देल्ली."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुधाकरभाऊ, मेन चालू करता का? ते लाल बटण. डावीकडून पहिलं."