दाजीचा पाइप

फणस पाडला त्याच्या दुसऱ्या सकाळी दाजी गेला. ओंडके माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पडले होते, करवतीचा भुसा अजून ओला होता, आणि गडग्यापलीकडून वहिनी हाका मारत होती, "भावजी, धावा हो... हे उठनत नाय!" मी गडगा ओलांडून गेलो. दाजी निजल्यासारखाच दिसत होता. मनात पहिल्यांदा आलं ते लिहितो : लबाडा, झाड घेतलंस आणि पाइप वर न नेताच चाललास!

दाजी माझा चुलत भाऊ, वयाने मोठा. आचऱ्याला आमच्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा तेवढा. मी मासळीच्या लिलावात घसा फोडून स्वतःचं घर उभं केलं, भल्याभल्यांना भाव चढवायला लावले. दाजीपुढे मात्र माझी डाळ कधी शिजली नाही. आमच्याकडे पावसात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की खोल शोषखड्डा भरूनच राहतो. म्हणून दाजीने संडासाच्या टाकीचं पाणी भोकं पाडलेल्या पाइपांतून, खडी घातलेल्या उथळ चरांत, माझ्या गडग्यालगत मुरवलं होतं. तिथवर ठीक. पण टाकीतला वायू जायला जो उभा पाइप लागतो, तो याने खिडकीच्या उंचीवरच सोडला. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की सगळा वास माझ्या खळ्यात.

"दाजी, तुझो संडास माझ्या चायेत येता!"

"मग चाय आत बसून पी. वासाक वाट दिली नाय तर तो माझ्या घरात शिरतलो."

"वाट वर दी! आभाळ काय भाड्यान घेवचा लागता?"

"वर नेलो तर वादळात मोडून कौलां फोडतलो. तू देतलस काय कौलां?"

वर्षानुवर्षं हेच. मग एके दिवशी त्याने चर उकरले, आतून पांढऱ्या मुळांचे झुबके ओढून काढले आणि गडग्यावर माझ्यासमोर मांडून ठेवले. माझ्या कापा फणसाची मुळं! पाणी मुरेना, टाकी तुंबत होती. "बघ," तो म्हणाला, "वास माझ्या पाइपाचो नाय रे, तुझ्या फणसाचो." त्या फणसाचे गरे सगळ्यांत जास्त यानेच खाल्ले होते...

शेवटी ठरलं. मी फणस पाडायचा, त्याने पाइप कौलांवर न्यायचा. आधी झाड, मग पाइप, हे त्याचंच म्हणणं. माल आधी देणारा मी नव्हे, पण दाजीने आमच्या सामाईक राखणदारापुढे, जागेच्या देवापुढे, नारळ ठेवला आणि स्वतः गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, ह्येचो फणस जाव दे, माझो पाइप वर जाव दे, आणि ह्येका सुखान चाय पिवक मिळू दे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" वहिनी हसत हसत म्हणाली. मलाही म्हणावं लागलं.

तेरावं झाल्यावर मुंबईहून आलेला त्याचा मुलगा सुधीर म्हणाला, "काका, आईला मी घेऊन जातो. घर बंदच राहणार. तो पाइप कापून तोंड बुजवून टाकतो, तुम्हाला त्रास नको." माझं डोकं फिरलं. देवापुढे दिलेला शब्द असा बुजवायचा? "पाइपाला हात लावशील तर याद राख! तो वर न्यायचा ठरलाय."

"भावजी," वहिनी हळूच म्हणाली, "आता वास कोणाचो येतलो हो?"

"येवंदे नायतर नको येवंदे. पाइप वर जातलो!"

सुधीर शिडीवर चढला, शिडी मी धरली. नवा तुकडा जोडला, भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळला, वर जाळीची टोपी बसवली. वहिनीने जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि रडली. मी तिच्यावरही खेकसलो.

आता संध्याकाळी फणसाच्या बुंध्यापाशी खुर्ची टाकतो. फणस नसल्याने दाजीचा पाइप समोरच दिसतो, कौलांच्या वर, सरळ. वारा येतो, वास येत नाही. म्हणजे इतकी वर्षं माझंच खरं होतं. पण दाजी असता तर म्हणाला असता, "घरात माणूसच नाय, तर वास खंयसून येतलो?" त्या माणसाने मेल्यावरही माझं तोंड बंद केलंय. चहा निवून जातो...