न दुखणारे पाय

"चालणाऱ्याला पाय, बसणाऱ्याला दुखणं." हे सिद्धाप्पाचं उठता-बसता म्हणणं. कुणी गुडघे धरून बसलेला दिसला की तो म्हणायचा, आणि तापानं फणफणलेल्या स्वतःच्या पोरीच्या उशाशी बसूनही म्हणायचा. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. अक्कलकोटपासून भीमेच्या काठापर्यंतचं रान त्याच्या तळपायांना तोंडपाठ होतं. पुढं मेंढरं विकली, काठी आढ्याला खोचली, पण शिमगा झाला की श्रीशैलची वाट धरायची, ते काही त्यानं सोडलं नाही.

श्रीशैलचा देव मल्लय्या म्हणजे कर्नाटकाच्या सीमेकडच्या माणसांचा जावई. देवी भ्रमरांबा ही आपल्या मुलखातली लेक, लांब डोंगरात दिलेली. पाडव्याला तिला माहेरची साडी पोचवायची, तीही अनवाणी चालत. सिद्धाप्पाच्या डोक्यावरच्या गाठोड्यात ती साडी होती. पुढं त्याच्या गावच्याच चन्नवीरच्या खांद्यावर कंबी, म्हणजे रंगीत कापडांनी सजवलेली देवाची कावड.

यंदा पहिल्या दिवशी सिद्धाप्पाची लेक रुपालीही सोबत चालत होती. तिचं सासर दुधनीला. वाट तिथनंच जाते, तेवढीच बापाची सोबत.

उन्हं वर आली तसं डांबर पाझरायला लागलं. अनवाणी माणसं कडेच्या मातीत उतरली. म्हातारी अक्कम्मा एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. "अगं यव्वा, रस्ता हाय का तवा!"

सिद्धाप्पा मात्र डांबराच्या मधोमध, सावकाश, वरातीत चालल्यासारखा.

"काय रं, पायाला पत्रा मारून आणलाय का?" चन्नवीर म्हणाला.

"पत्रा कशाला? यंदा जावयानं, मल्लय्यानं माझं दुखणंच काढून घेतलंय. खडा न्हाय, काटा न्हाय, चटका न्हाय. कायबी लागत न्हाय बघ."

अक्कम्मानं चालता चालताच वाकून त्याच्या पायाला हात लावला. "माझ्या गुडघ्यांचं बी सांग की जावयाला."

"तुजं वजन त्याला बी उचलायचं न्हाय!"

सगळे हसले. रुपालीही हसली. मग तिची नजर खाली गेली. बापाच्या डाव्या टाचेखाली डांबरावर ओला डाग उमटत होता. पाऊल उचललं की डाग, पाऊल उचललं की डाग. घाम असेल, असं तिनं मनाला सांगितलं. पण तिथून पुढं ती त्याच्या मागंमागंच चालली.

दुपारी दुधनीत लिंबाच्या सावलीला सगळे टेकले. गावच्या बाया घमेल्यात कोमट पाणी घेऊन आल्या. वाटसरूंचे पाय धुवायची तिथली रीत. रुपालीनं बापाचा पाय मांडीवर घेतला.

टाचेत बाभळीचा काटा होता. आत मोडलेला. भोवतीची कातडी काळी-पिवळी. आजचा नव्हता तो. वर सिद्धाप्पा चन्नवीरला एका हट्टी मेंढ्याची गोष्ट सांगत होता. रुपालीनं काटा चिमटीत धरून ओढला. बोटाच्या पेराएवढा निघाला, मागनं पू आणि रक्त. सिद्धाप्पाची गोष्ट एका शब्दानंही अडखळली नाही.

काटा तिच्या चिमटीतच राहिला. तिच्या सासूचा पाय असाच मुका झाला होता. साखरेच्या आजारानं. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाय.

"आप्पा, जावयानं न्हाय केलं हे. ही साखर हाय. दवाखाना हितंच हाय, आत्ता चला."

"निघालेल्याला मागं ओढू नये, पोरी," अक्कम्मा दबक्या आवाजात म्हणाली.

"पण हे बघा तरी!" रुपालीनं काटा पुढं धरला.

चन्नवीरनं तो घेतला. उन्हात धरून पाहिला. "एवढा काटा आन् पत्ता न्हाय? मल्लय्या, मल्लय्या!" काटा या हातातून त्या हातात गेला. जो तो कपाळाला लावत होता. रुपाली बघत राहिली. तिचाच पुरावा तिच्या हातून गेला होता.

सिद्धाप्पा तिच्याकडं वाकला. हळूच म्हणाला, "मला ठाव हाय गं. अक्कलकोटला तपासलं. डाक्टर म्हणला, बसून ऱ्हावा. बसलेला सिद्धाप्पा कुणी बघितलाय का?"

"आन् पाय गेला मंजे?"

"चालणाऱ्याला पाय..." तो म्हणाला. पुढचं म्हणाला नाही.

तिनं जुन्या धोतराची पांढरी पट्टी फाडून टाच बांधली. स्वतःच्या चपला काढून त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं त्या हातानं बाजूला सारल्या, मायेनं, झोपलेलं कोकरू सारावं तशा. "लेकीला साडी न्यायची ती चपला घालून व्हय?"

"आप्पा, मी बी लेकच हाय की."

सिद्धाप्पानं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि उठला.

उन्हं कलली तशी कंबी उठली. रुपाली गढूळ पाण्याचं घमेलं कमरेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अक्कम्मानं एकदा मागं वळून पाहिलं, त्यानं नाही. इतक्या पायांत ती एक पांढरी पट्टी लांबवर दिसत होती, उचलत होती, टेकत होती. मग धुळीनं माखून ती कधी बाकीच्या पायांसारखीच झाली, ते रुपालीला कळलं नाही.